लाल्ला रहीमूचं इस्त्रीचं टेबल

गिझलानचं काम नेमकं काय, हे तिच्या आईला तेतुआनमधल्या एकाही शेजारणीला कधी धड सांगता आलं नाही.

"चित्रं काढते का तुझी मुलगी?"

"नाही गं."

"मग विकते?"

"विकतही नाही. दुसऱ्यांनी काढलेली टांगते," असं म्हणून आई घाईघाईने विषय बदलायची. शेजारीण मग मनाशी म्हणायची, खिळे ठोकायला पार मार्सेलला जाऊन शिकायची काय गरज होती? क्युरेटर हा शब्द गिझलानने आईकडून घोकून घेतला होता, पण तो आईच्या तोंडात टिकत नसे. आधी गिझलानला याचा राग यायचा. चौतिशीला येईपर्यंत तिनेही हात टेकले. "हो, टांगते," ती म्हणायची, "पण कुठलं, कुठे आणि कुणाच्या शेजारी, ते मी ठरवते."

आता खरं सांगायचं तर सगळी मेख त्या ठरवण्यातच असते. तेतुआनच्या आधुनिक चित्रकलेची जी गोष्ट शहरातल्या शिकल्यासवरल्या लोकांना पाठ होती, तीही कुणीतरी कधीतरी ठरवलेलीच होती. त्या गोष्टीत कॅफेत बसून सिगरेटी फुंकणारे, एकमेकांशी कडाकडा भांडणारे आणि संध्याकाळी पुन्हा त्याच टेबलाशी येऊन बसणारे पुरुष होते. लाल्ला रहीमू, म्हणजे रहीमूबाई, त्यात कुठेच नव्हती. ती कॅफेत गेलीच नाही, मग तिच्याशी भांडणार कोण? मुलींच्या शाळेत ती चित्रकला शिकवायची, घरी येऊन घेवड्याचं पातेलं चुलीवर चढवायची, आणि ते शिजेपर्यंत रंगवायची. पन्नास वर्षं तिने हेच केलं. चित्र विकणं तिच्या डोक्यातही आलं नाही. शाळेतल्या कुठल्याही मुलीचं लग्न ठरलं की तिला एक चित्र. मुली लग्न करत राहिल्या, चित्रं घराबाहेर पडत राहिली, आणि अर्ध्या शहराच्या बैठकींमध्ये भिंतींवर जाऊन बसली.

त्यातलं पहिलं चित्र गिझलानने पाहिलं ते हाज्जा स्फियाच्या घरी, तिच्या नातीच्या मेंदीला. बायका गात होत्या, चहाचे पेले फिरत होते, आणि समोरच्या भिंतीवर, बैठकीच्या बऱ्याच वर, लाल-पांढऱ्या पट्ट्यांमधून एक कमान उघडत होती. डोंगरातून भाजी घेऊन येणाऱ्या बायका कमरेला गुंडाळतात त्या फडक्याचे ते लाल-पांढरे रंग. कमानीत काहीही नव्हतं, नुसता उजेड होता. गिझलानच्या हातातला चहा गार झाला. तिला एकदम रडू आलं, आणि हाज्जा स्फियाला वाटलं की बिचारी लग्नाच्या विचाराने रडतेय.

"कुणाचं आहे हे?" गिझलानने विचारलं.

"आमच्या रहीमूबाईंचं. शाळेत होत्या आमच्या. माझ्या लग्नात दिलं. का गं?"

त्या दिवसापासून गिझलान दारोदार हिंडायला लागली. कुठल्याही घरी गेलं की एकच प्रकार. ती भिंतीकडे धावायची, आणि घरची बाई तिला दंडाला धरून खाली ओढायची. "उभ्या उभ्या काय बघतेस? बस!" मग चहा, मग बदामाच्या चंद्रकोरी, मग घरातल्या सगळ्यांची दुखणी, आणि या सगळ्यातून नजर वर करून बघितलेलं ते चित्र. प्रत्येक घरात एक नवी कमान. ती घरी यायची ते पोट फुटेपर्यंत खाऊन आणि डोळे भरून.

गिझलान काम करायची त्या कलादालनाचे संचालक सी मुफद्दल, म्हणजे मुफद्दलसाहेब, यांना पटवायला मात्र वेळ लागला. जुन्या साबण कारखान्यात थाटलेल्या त्या दालनाचा त्यांना फार अभिमान. पांढऱ्याशुभ्र भिंती, काचेसारखी गुळगुळीत फरशी, आणि बसायला एक स्टूल नाही, कारण स्टुलामुळे म्हणे फोटो बिघडतो. "लग्नात आलेल्या भेटवस्तू?" ते म्हणाले. "उद्या कुणी चादरी आणून दिल्या तर त्याही लावू का?" गिझलान त्यांच्यामागे भुणभुण करत राहिली. तिला पक्कं ठाऊक होतं की रहीमूशिवाय शहराची गोष्ट अर्धीच आहे, आणि बाई हयात असताना ती पुरी झाली पाहिजे. शेवटी सी मुफद्दल इतके कंटाळले की वसंतातल्या तारखा त्यांनी तिच्या गळ्यात टाकल्या.

मग ती बाब ओकला वेशीजवळच्या गल्लीत लाल्ला रहीमूकडे गेली. एकोणऐंशी वर्षांची, हडकुळी, पिवळ्या रुमालाची बाई. ऐकायचं नसलं की तिला ऐकू येत नसे. बैठकीच्या भिंती कोऱ्या होत्या.

"लाल्ला, तुमच्या घरात तुमचं एकही चित्र नाही?"

"शहाणी आहेस की खुळी? आपलंच चित्र आपल्या बैठकीत लावलं, तर आलेल्या पाहुण्याला चहाबरोबर कौतुकही करावं लागतं. बिचाऱ्याला नुसता चहा पिऊ द्यावा."

कपाटामागे चादरीत गुंडाळलेलं काहीतरी उभं होतं, चांगलं मोठं, पुरुषभर उंचीचं. गिझलानची नजर तिकडे गेली.

"आणि ते काय आहे?"

"इस्त्रीचं टेबल," लाल्ला रहीमू म्हणाली. "चहा घे."

इस्त्रीचं टेबल एवढं रुंद नसतं, हे दोघींनाही माहीत होतं. पण गिझलानने चहा घेतला.

प्रदर्शनाला बाई तयार झाली, पण अट घालून. फार पूर्वी कुणीतरी तिचं एक चित्र मागून नेलं होतं, म्हणे स्त्रियांच्या कलेचं प्रदर्शन आहे. ती हौसेने नवी कोरी पायघोळ जेलाबा घालून गेली. पाहते तर चित्र खारवलेल्या लिंबांच्या बरण्यांच्या मागे, दोन भरतकामांच्या मध्ये. "मी समोर उभी राहिले आणि मला ते ओळखूच आलं नाही," ती म्हणाली. "आपलंच मूल अनोळखी वाटावं तसं झालं. त्यानंतर कुणाला दिलं नाही मी लावायला. म्हणून सांगते, उद्घाटनाच्या आधी मी येऊन बघणार. माझी वाटली तर राहू देत. नाही वाटली, तर प्रत्येक चित्र आपापल्या घरी परत. तुझ्या साहेबाला काय वाटायचं ते वाटो. आहे कबूल?"

"कबूल," गिझलान म्हणाली. तिला वाटलं, यात अवघड काय आहे?

चित्रं गोळा करणं मात्र अवघड होतं. "नेतेस ते ठीक, पण मी समोर बसून काय बघू? खिळा?" हाज्जा स्फियाने विचारलं. दुसऱ्या एका घरात आजोबा रुसले, कारण दुपारच्या झोपेआधी त्यांना ते चित्र लागायचं. सगळ्यांना गिझलानने एकच वचन दिलं, की केव्हाही या आणि आपलं चित्र कसं आहे ते बघून जा. मग चित्रं निघाली. सासरी जाणाऱ्या मुलीसारखी पाठवणी, चादरीत गुंडाळून, सोबत मिठाईचं ताट. घराघरातून ताटं आली. दालनात चित्रं टांगणारा लारबी दिवसभर चरत होता आणि म्हणत होता की असं प्रदर्शन वर्षातून चारदा तरी व्हायला पाहिजे.

गिझलानने मग आपलं सगळं शिक्षण पणाला लावलं. कागदाच्या छोट्या भिंती करून त्यावर कागदाची छोटी चित्रं आठवडाभर इकडून तिकडे सरकवली. हाज्जा स्फियाची कमान दाराच्या समोर, म्हणजे आत येताच दिसावी. लाल पट्ट्यांची चित्रं एका बाजूला, पुढे पुढे लाल कमी होत जाऊन उरलेला नुसता पांढरा दुसऱ्या बाजूला. शेवटची मोठी भिंत तिने मोकळीच सोडली.

"इथे काय येणार?" लारबीने विचारलं.

"माहीत नाही. इथे काहीतरी हवंय, पण माझ्याकडे ते नाही."

सगळ्या चित्रांचा मध्य जमिनीपासून दीडशे सेंटीमीटरवर. जगभरच्या दालनांत असतो तसा, उभ्या माणसाच्या डोळ्यांसमोर. लारबी पट्टी धरायचा, गिझलान खूण करायची. सी मुफद्दल येऊन बघून गेले आणि चक्क "सुंदर" म्हणाले. ते ऐकूनच खरं तर तिने सावध व्हायला हवं होतं.

गुरुवारी दुपारी लाल्ला रहीमू आली. अंगात जेलाबा, डोक्याला तोच पिवळा रुमाल. ती दारातून आत आली, पहिल्या चित्रासमोर उभी राहिली, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. गिझलान चार पावलं मागे. काठी टेकत बाई शेवटपर्यंत गेली, आणि तिथून परत वळून तिने सगळ्या भिंतींवरून एकदा नजर फिरवली.

"फार स्वच्छ आहे," ती म्हणाली. "दवाखान्यासारखं."

गिझलान पुढे झाली. "लाल्ला, काय चुकलं सांगा. मी बदलते."

"मला कळलं असतं तर सांगितलं नसतं का? मेहनत दिसते पोरी तुझी. पण ही माझी नाहीत. पट्टे पट्टे नुसते, वाकडेतिकडे. लिंबांच्या बरण्या तेवढ्या नाहीत." ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती नुसती थकलेली दिसली, आणि दारापाशी गिझलानच्या गालावर हात ठेवून म्हणाली, "शब्द दिलायस तू. उद्या संध्याकाळी मी पुन्हा येते, निरोप घ्यायला. मग पाठवून दे ज्याची त्याला."

शनिवारी उद्घाटन होतं. कासाब्लांकाहून पाहुणे निघायच्या बेतात होते. सी मुफद्दल यांनी सगळं ऐकून घेतलं आणि खांदे उडवले. "म्हातारी माणसं आयत्या वेळी बिथरतात. ती नसली तरी चालेल. चित्रं कुठे तिच्या मालकीची आहेत?"

"शब्द मी दिलाय."

"दालनाने नाही दिला."

"मग उद्घाटन माझ्याशिवाय करा," गिझलान म्हणाली. सी मुफद्दल यांना अशा बोलण्याची सवय नव्हती.

शुक्रवारी सकाळी दालन उघडल्या उघडल्या गिझलान येऊन त्या कमानींसमोर उभी राहिली. उजेड मंद करून पाहिला, प्रखर करून पाहिला. दोन चित्रांची अदलाबदल केली, परत जागेवर लावली. सगळ्यात वाईट म्हणजे बाईचं म्हणणं तिला आता दिसायला लागलं होतं. मेंदीच्या दिवशी जी कमान उघडली होती, ती इथे उघडत नव्हती. रंग तेच, चित्र तेच, आणि तरी नुसते वाकडे पट्टे. तेव्हा आपण मेंदीच्या गाण्यांना भुललो होतो की काय? जगाला दाखवण्यासारखं त्यात काही नव्हतंच, तर वर्षभर आपण केलं काय?

तेवढ्यात दारावर गलका झाला. हाज्जा स्फिया आपल्या दोन सुना, एक मुलगी आणि चहाची किटली घेऊन आली होती, आणि दारावरचा पहारेकरी किटलीला हरकत घेत होता.

"चहा नाही नेता येत आत, हाज्जा."

"मी माझ्या चित्राला भेटायला आलेय, तुला नाही. सरक!"

तो सरकला. हाज्जा आपल्या कमानीसमोर आली, दोन क्षण उभी राहिली आणि मग आजूबाजूला बघायला लागली. "अगं, बसायचं कुठे इथे? गुडघे आहेत की नाहीत तुमच्या कुणाला?" बसायला काहीच नव्हतं. कोपऱ्यात चित्रं गुंडाळून आणलेल्या घोंगड्या पडल्या होत्या. सुनांनी त्या ओढून आणल्या, चित्रासमोरच्या भिंतीला लागून घडी करून घातल्या आणि सासूला त्यावर बसवलं. किटली फरशीवर. सी मुफद्दल तेव्हा तिथे नव्हते, ही देवाचीच कृपा.

"तबारकल्लाह, दृष्ट न लागो," हाज्जा स्फिया वर बघत म्हणाली. "आहे तशीच आहे. खाऊनपिऊन सुखी दिसतेय." मग तिने गिझलानचा दंड पकडला. "आणि तुझं तोंड का असं उतरलंय? उभ्या उभ्या काय बघतेस? बस!"

गिझलान धपकन खाली बसली. पेला हातात आला. तिने सवयीने नजर वर केली.

कमान उघडली.

ती उठली. वाकडे पट्टे. खाली बसली. पट्टे एकमेकांकडे झुकले, वर जाऊन मिळाले, आणि मधून उजेड आला. ती पुन्हा उठली, पुन्हा बसली. सुना एकमेकींकडे बघायला लागल्या. हाज्जा स्फिया म्हणाली, "पोट बिघडलंय का तुझं?"

"हाज्जा!" गिझलान ओरडलीच. "रहीमूबाई रंगवायच्या कशा? तुम्ही पाहिलंय?"

"पाहिलंय म्हणजे? खाली बसून, गादीवर. फळी समोरच्या बैठकीवर उभी केलेली, भिंतीला टेकवून. मान वर करून रंगवायच्या. स्वयंपाकघरावर डोळा राहतो ना तिथून. का?"

गिझलानला हसू आवरेना. इतक्या घरांत ती गेली, आणि एकाही घरात तिला कुणी उभं राहू दिलं नव्हतं. प्रत्येक चित्र तिने बसून, चहा पीत, मान वर करून पाहिलं होतं, म्हणून तर ती त्यांच्या प्रेमात पडली. आणि दालनात आल्यावर हातात पट्टी आली, तशी ती सगळं विसरली. चित्रांची उंची तिने केसाच्या फरकाने मोजली होती. माणसांची उंची मोजायची राहून गेली.

"लारबी!" तिने हाक मारली. "चित्रं सगळी वर घ्यायची. घरी होती तेवढी वर. आणि माणसं खाली."

"माणसं कशी खाली घेऊ?"

"ते माझ्यावर सोड."

आता आपल्याकडे लग्नघरी बसायला जागा कमी पडली तर काय करतात हे काही सांगायला नको. गल्लीत एक निरोप फिरवायचा, की पुरतं. गिझलानने तो फिरवला, ज्या ज्या घरून चित्र आणलं होतं त्या त्या घरी, की चित्रासमोरची गादीही पाठवा. शुक्रवार असल्यामुळे निरोप पोचला तेव्हा सगळं शहर नमाजानंतरचं भरपेट कुसकुस खाऊन जडावलं होतं. तरी माणसं उठली. जुन्या शहराच्या गल्ल्यांतून गाद्या निघाल्या. डोक्यावर गाद्या, हातगाडीवर गाद्या, एका गाढवावर इतके लोड लादलेले की गाढवाचे फक्त कान दिसत होते. "बालाक! बालाक! बाजूला व्हा!" लोक विचारत होते, लग्न कुणाकडे? जो तो सांगत होता, रहीमूबाईकडे. एकोणऐंशीव्या वर्षी? ऐकणाऱ्यांचे डोळे विस्फारत होते, आणि त्यातले बरेच जण नवरा बघायला म्हणून मागोमाग आले.

सी मुफद्दल दारात आले तेव्हा त्यांच्या काचेसारख्या फरशीवर मखमली गाद्यांच्या रांगा लागल्या होत्या. कुणाची हिरवी, कुणाची सोनेरी भरतकामाची, एकीवर चहाचे डाग.

"हे दालन आहे की लग्नाचा मांडव?" त्यांच्या आवाजाला धार होती.

"सी मुफद्दल," गिझलान म्हणाली, "दोन मिनिटं बसा."

"मी बसत नसतो."

"अरे, बस ना बाबा," हाज्जा स्फिया म्हणाली, आणि तिने त्यांच्या जेलाबाची कड खाली ओढली. कुठल्याही वयाचा तेतुआनी पुरुष हाज्जाने ओढल्यावर बसतोच. ते बसले. नाराजीने त्यांनी मान वर केली. मग त्यांनी हळूच जोडे काढून बाजूला ठेवले, आणि गिझलानच्या जिवात जीव आला.

संध्याकाळच्या उन्हात लाल्ला रहीमू आली, निरोप घ्यायला म्हणून. दारात थबकली. दालन माणसांनी भरलेलं, सगळी खाली बसलेली, आणि तिला बघून एकदम गप्प झालेली. त्यातल्या निम्म्या बायकांना तिने कधीकाळी पेन्सिल धरायला शिकवलं होतं.

"वर्गात आल्यासारखं वाटतंय," ती पुटपुटली.

गिझलानने तिचा हात धरून तिला पहिल्या गादीवर बसवलं. बोलायचं ते सगळं गिझलानने करून ठेवलं होतं, आणि आता ते बरोबर होतं की नव्हतं हे एकाच माणसाच्या हातात होतं.

लाल्ला रहीमूने मान वर केली. बघत राहिली. मग ती हातांवर जोर देऊन एक गादी पुढे सरकली. पुन्हा मान वर. अजून एक गादी पुढे. लोक पाय आवरून तिला वाट करून देत होते. "ही झोहराच्या लग्नातली," ती म्हणाली. मग पुढे, "ही फामाची. त्या वर्षी हिरवा रंगच मिळत नव्हता कुठे." मग पुढे. कुणीतरी हुंदका दिला, कुणीतरी त्याला दटावलं. अर्ध्या दालनापर्यंत गेल्यावर तिने मागे वळून पाहिलं, मग पुढे पाहिलं, आणि गिझलानला कळलं की बाईने हे सगळं एकत्र कधी पाहिलेलंच नाही. प्रत्येक चित्र वाळलं की घराबाहेर गेलं होतं. एक गेलं की दुसरं. ती स्वतःच्या चित्रांना पहिल्यांदाच एका घरात भेटत होती.

"एवढं केलं मी?" लाल्ला रहीमूने विचारलं. तिचे डोळे वाहत होते आणि चेहरा हसत होता. "घेवडा शिजेपर्यंत?"

सगळं दालन हसलं. एका बाईने जीभ हलवून लग्नातली किलकारी दिली, मग दुसरीने, आणि मग साबण कारखान्याचं ते उंच छत त्या किलकाऱ्यांनी दणाणून गेलं. सी मुफद्दल टाळ्या वाजवत होते, आणि लारबीने संधी साधून ताटातलं शेवटचं बिस्किट उचललं.

आवाज जरा शांत झाल्यावर लाल्ला रहीमूने काठीने शेवटच्या मोठ्या भिंतीकडे खूण केली.

"ती का मोकळी?"

"तिथे काय हवंय ते माझ्याकडे नाही, लाल्ला," गिझलान म्हणाली.

बाईने तिच्याकडे रोखून पाहिलं, शिक्षिका बघते तसं. मग ती लारबीकडे वळली. "ही माझ्या घराची किल्ली. कपाटामागे माझं इस्त्रीचं टेबल आहे. दोघं जण जा, जड आहे. चादर काढू नका वाटेत."

चादर दालनात निघाली. त्यात कमान नव्हती. एक लांबच लांब बैठक होती, नुसती लाल-पांढऱ्या पट्ट्यांनी रंगवलेली, चित्राच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रिकामी. कुणीतरी येऊन बसावं म्हणून वाट बघणारी. गिझलानने नाक पुसलं आणि सवयीने खिशातून पट्टी काढली.

"ठेव ती," लाल्ला रहीमू म्हणाली. "बस आणि सांग."

गिझलान बसली. लारबी आणि दुसरा एक जण चित्र भिंतीला लावून उभे राहिले. "थोडं वर," ती म्हणाली. "अजून. डावीकडून जरा... बास!"

"बास," लाल्ला रहीमूही म्हणाली, त्याच क्षणी.

उद्घाटनाला कासाब्लांकाचे पाहुणे आले, हात पाठीमागे बांधून उभ्याने बघायच्या तयारीनेच आले, आणि सी मुफद्दल यांनी स्वतः एकेकाला दंडाला धरून खाली बसवलं. असं बघायचं असतं हे जणू त्यांनीच शोधून काढलं होतं. मोठ्या चित्राखालच्या पाटीवर बाईच्या हट्टापायी लिहिलं होतं, 'इस्त्रीचं टेबल'. त्याचा अर्थ काय यावर एका समीक्षकाने बराच विचार केला आणि शेजाऱ्याला खूप काही समजावून सांगितलं. एका पत्रकाराने लाल्ला रहीमूला विचारलं की यात क्युरेटरने नेमकं काय केलं?

"हिने? हिने सगळ्यांना बसवलं," बाई म्हणाली. पत्रकार पुढच्या वाक्याची वाट बघत राहिला, पण पुढचं वाक्य नव्हतं.

गिझलानची आई चार शेजारणींना घेऊन आली होती, आणि त्यांना सांगत होती, "हे सगळं माझ्या मुलीने केलं. काय केलं ते तुम्ही आधी बसा, मग कळेल." गिझलान दारापाशी उभी होती. दिवसभर ती उभीच होती, कुणाला पाणी, कुणाला लोड, कुणाच्या चपला. तिचे पाय दुखत होते आणि तिला आयुष्यात इतकं बरं कधी वाटलं नव्हतं.

गर्दीतून पिवळा रुमाल हलला. लाल्ला रहीमू आपल्या मोठ्या चित्रासमोर बसली होती, आणि शेजारची जागा हाताने थोपटत होती.

"अगं, उभ्या उभ्या काय बघतेस? ये, बस."